भीती आणि किळस एकदम आली, तर हृदयाने काय करावे?

1953 साली अल्बर्ट अ‍ॅक्स या अमेरिकी संशोधकाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. रक्तदाबाचा अभ्यास आहे असे सांगून लोकांना निजवले, अंगाला तारा जोडल्या. मग कधी यंत्रात धोकादायक बिघाड झाल्याचे नाटक केले, तर कधी एका उद्धट तंत्रज्ञाकडून त्यांना चांगलेच सुनावले. पहिल्याने भीती, दुसऱ्याने राग. (आजची नीतिसमिती हे पहिल्याच बैठकीत फेटाळेल.) भीतीत श्वास अधिक जलद झाला, रागात रक्तदाबाचा खालचा आकडा जास्त चढला.

पण भावना अशा एकेकट्या कुठे येतात? शस्त्रक्रियेची चित्रफीत पाहताना भीती वाटते आणि किळसही. म्हणून प्रयोगशाळेत अशाच फिती दाखवतात आणि ‘किती वाईट वाटले’ असे मोघम न विचारता भीती, किळस, दुःख, राग यांना वेगवेगळे गुण द्यायला सांगतात.

शरीराकडून उत्तर काढणे मात्र अवघड. तळव्याला घाम सुटला की त्वचेतून वीज सहज वाहते. प्रसंगानंतर एक ते तीन सेकंदांत यंत्रावर ते दिसते. पण त्यावरून माणूस खळबळला एवढेच कळते, कशाने ते नाही. भुवया आवळणारा स्नायू तर जवळजवळ प्रत्येक नकोशा भावनेत ताणला जातो. नाक मुरडणारा आणि वरचा ओठ उचलणारा स्नायू किळसेशी अधिक इमानदार. पोटावर लावलेल्या इलेक्ट्रोडांतूनही किळस पकडता येते: जठराची मिनिटाला सुमारे तीन लाटांची लय बिघडते.

खरी गोम हृदयात आहे. त्याला वेग देणारी एक चेतासंस्था, लगाम घालणारी दुसरी. भीतीने वेग वाढवला आणि त्याच क्षणी किळसेने लगाम ओढला, तर ठोके होते तेवढेच राहू शकतात. नुसती नाडी मोजणारा म्हणेल, काहीच झाले नाही! त्यामुळे दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात. श्वासाबरोबर ठोक्यांचा वेग किती खालीवर होतो, यावरून लगामाचा अंदाज येतो. विद्युतसंदेश मिळाल्यापासून हृदयातून रक्त बाहेर पडू लागेपर्यंतचा वेळ आखडला, तर वेग देणारी संस्था जागी झाली असे मानतात.

एवढे करूनही माणसाला विचारावे लागतेच. ते मध्येच विचारले, तर भावनेला नाव देण्यानेच तिची धार थोडी बोथट होऊ शकते. शेवटी विचारले, तर आधी भीती की आधी किळस, हे सांगणाऱ्यालाही नीट आठवत नाही.