सैल करण्याचे इंग्रजी शब्द : अर्थभेद

लूसन, स्लॅकन, रिलॅक्स, ईझ, रिलीव्ह, अलिव्हिएट, मिटिगेट, अले, अस्वेज ही इंग्रजी क्रियापदे शब्दकोशात एकमेकांचा अर्थ सांगायला वापरलेली दिसतात. मराठीत त्या सगळ्यांना ‘सैल करणे’, ‘शिथिल करणे’ किंवा ‘कमी करणे’ लावून मोकळे होता येते. प्रत्यक्षात यांतली फार थोडी एकमेकांच्या जागी चालतात. नेमके काय सैल होते आहे, पकड, ताण, ओझे की धार, हे पाहिल्याशिवाय शब्द निवडता येत नाही.

लूसन म्हणजे पकड सैल करणे. घट्ट बसलेले बरणीचे झाकण एकाने जोर लावून जरासे फिरवले आणि मग दुसऱ्याने ते अलगद काढले, तर लूसन केले पहिल्याने. झाकण तेव्हा बरणीवरच होते. स्क्रू, गाठ, गळ्याशी आवळलेले बटण यांनाही हेच लागू. वस्तू पूर्ण सोडून द्यायची असेल तर लूस हे जुने क्रियापद आहे. बाण धनुष्यातून सुटतो तो लूस होतो. याचे मूळ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘लाउस्’ या शब्दात. शब्दाच्या शेवटी येऊन ‘विना’ हा अर्थ देणारा ‘लेस’ हा प्रत्यय आणि ‘हरवणे’ या अर्थाचा लूझ हे याच कुळातले. लूस आणि लूझ यांची गल्लत इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात. मराठीत तर आपण दोन्ही ‘लूज’ असेच लिहितो, त्यामुळे फरक कानावरही पडत नाही; तो शेवटच्या स आणि झ मध्ये आहे. अनलूसन हा शब्द आणखी चकवतो. त्यातला ‘अन’ अर्थ उलटा करत नाही; अनलूसन म्हणजेही सैल करणेच.

स्लॅकनचा संबंध पकडीशी नसून ताणाशी आहे. दोन खुंटांमध्ये ताणून बांधलेली दोरी घ्या. खुंटावरची गाठ ढिली केली तर ते लूसन. गाठ तशीच राहून दोरीला मध्ये झोळ पडला तर ते स्लॅकन. वेग मंदावण्यालाही हाच शब्द. भरती-ओहोटीचा प्रवाह उलटण्याआधी पाणी थबकते, त्या वेळेला स्लॅक वॉटर म्हणतात. माणसाच्या बाबतीत मात्र यात ठपका येतो, जसा आपल्या ‘ढिला’ शब्दात येतो आणि ‘सैल’मध्ये सहसा येत नाही. याचाच सख्खा शब्द स्लेक. तहान भागवणे म्हणजे स्लेक, आणि कळीच्या चुन्यावर पाणी घातल्यावर तो वाफा सोडत विरतो तेही स्लेक. मराठीतला ‘विरणे’ इथे किती चपखल बसतो!

रिलॅक्स आला तो ‘लाक्सुस’, म्हणजे सैल, या लॅटिन शब्दावरून. तो आज विश्रांतीचा शब्द वाटतो, पण मुळात तो शरीराचा आणि नियमांचा. अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी 1929 साली स्नायू क्रमाने सैल सोडण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली, तिच्या नावातही हाच शब्द होता. नियम रिलॅक्स होतो तेव्हा नियम राहतो, त्याचा काच कमी होतो. नियम उठवला तर लिफ्ट म्हणायचे. बातमीचा अनुवाद करताना हा भेद गमावला तर ‘बंदी शिथिल’ आणि ‘बंदी उठली’ यांत वाचकाची फसगत होते, म्हणून इथे हयगय नको. रिलीज हा शब्दही त्याच लॅटिन क्रियापदातून फ्रेंचच्या वाटेने आला. त्यात मात्र पूर्ण सुटका आहे.

ईझ जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्यात ऐसपैस जागेचा अर्थ होता. त्यात सावकाशपणा आहे: दार ईझ करून उघडणे म्हणजे आवाज न करता, जपून उघडणे. वेदना आपोआप ओसरते तेव्हाही ती ईझ होते. ‘डिझीझ’ हा रोगाचा शब्द याच्याच नकारातून झाला. अर्थकारणात बँक ऑफ जपानने 2001 मध्ये क्वांटिटेटिव्ह ईझिंग सुरू केले. मध्यवर्ती बँक रोखे विकत घेऊन बाजारात पैसा सोडते तो हा उपाय. पैशाची आवळलेली स्थिती त्यामुळे हळूहळू सैल व्हावी असा हेतू.

यापुढचे शब्द त्रासाचे आहेत. रिलीव्ह आणि अलिव्हिएट यांच्या मुळाशी लॅटिन ‘लेविस’, म्हणजे हलका. दोन्हींत ओझे उतरते, पण रिलीव्हमध्ये ते पूर्णही उतरू शकते. पहाऱ्यावरच्या शिपायाची जागा दुसऱ्याने घेतली की पहिला रिलीव्ह होतो. अलिव्हिएटमध्ये त्रास सुसह्य होतो, कारण मात्र तसेच राहते. पॅलिएटच्या मुळाशी ‘पालियुम’, म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र: दुखण्यावर पांघरूण घालणे. मिटिगेट ‘मितिस’, म्हणजे मऊ, यावरून आला. तो परिणामाची धार बोथट करतो, पुष्कळदा अजून न घडलेल्या परिणामाचीही; म्हणून हवामानबदलाच्या चर्चेत हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करण्याला मिटिगेशन म्हणतात. न्यायालयात शिक्षा सौम्य करायला लावणारी परिस्थिती सांगतानाही हाच शब्द येतो.

अस्वेजमध्ये ‘सुआविस’, म्हणजे गोड. भूक, दुःख आणि विशेषतः अपराधीपणाची टोचणी यांना तो शोभतो. अले मुख्यतः भीती आणि शंकेसाठी. जुन्या इंग्रजीतला ‘खाली ठेवणे’ या अर्थाचा शब्द आणि ‘हलके करणे’ या अर्थाचा फ्रेंच शब्द यांची सरमिसळ होऊन तो घडला, त्यामुळे त्यात दोन्ही अर्थ मुरले आहेत. मराठीत शंकेचे ‘निरसन’ होते आणि भीती ‘शमते’. अलेसाठी हे दोन शब्द हाताशी असताना ‘कमी करणे’ लिहू नये.