जुन्या ब्राँझ नाण्यांची स्वच्छता व जतन

मोडीच्या ढिगातून, आठवडे बाजारातून किंवा आजीच्या डब्यातून अल्प किमतीत हाती आलेली तांब्याची व ब्राँझची नाणी वाचता येतील इतपत साफ करणे आणि पुढे झिजू न देणे, असे या कामाचे स्वरूप आहे. बाजारात दोन्ही धातूंना सरसकट ‘तांब्याचा पैसा’ म्हणतात. ब्रिटिश भारतातला पाव आणा आधी तांब्याचा होता, १९०६ पासून तो ब्राँझचा झाला. १९४३–४७ मधला भोकाचा पैसाही ब्राँझचाच. सातवाहनांची हत्ती व उज्जैन चिन्हाची (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे) नाणी बरेचदा पोटिनची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची असतात. ती ठिसूळ असतात, जोर दिला की तुकडा पडतो.

नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. त्यामुळे काळवंडलेले नाणे हातात आले की हात आपोआप चिंचेकडे किंवा लिंबू-मिठाकडे जातो. नाण्याच्या बाबतीत यासारखे दुसरे नुकसान नाही. भांडे वापरायचे असते, त्यावरचा कळंक काढावाच लागतो. नाण्यावरचा तपकिरी, काळा किंवा गडद हिरवा थर मात्र घट्ट बसलेला असेल तर खालच्या धातूचे रक्षण करतो, आणि पुष्कळदा अक्षरांचा उठाव त्या थरातच शिल्लक असतो. आम्लाने तो थर गेला की खाली खरबरीत, गुलाबी धातू उरतो आणि लेख कायमचा जातो. मिठाचा धोका याहून मोठा आहे. त्यातले क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत शिरते आणि ‘ब्राँझ डिसीज’ला निमंत्रण देते.

या विकाराची खूण म्हणजे फिकट हिरवी, पिठासारखी, टोकरली की सुटणारी भुकटी. नाण्याच्या पोटातल्या क्युप्रस क्लोराइडला ओलावा व हवा मिळाली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. ते आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड बनते आणि चक्र चालूच राहते. उन्हाळ्यात निवांत दिसणारे नाणे नाशिकच्या पावसाळ्यात अचानक ‘फुलते’, ते यामुळेच. असे नाणे ताबडतोब वेगळे काढावे.

साफसफाईचा खरा भाग म्हणजे वाट पाहणे. नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून पाणी बदलत राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळणारे पाणी चालते, पण ते आम्ल न मिसळलेलेच हवे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते टाळतात. माती मऊ झाली की सराफाच्या दहापट भिंगाखाली बांबूच्या काडीने कण न् कण सोडवतात. तारेचा ब्रश, घासणी, भांड्यांची पावडर यांना येथे जागा नाही. ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे, पण तेलातली आम्ले हळूहळू धातूही विरघळवतात. क्लोराइड काढण्यासाठी सोडियम सेस्क्विकार्बोनेट या सौम्य अल्कधर्मी क्षाराचे सुमारे ५ टक्के द्रावण वापरतात. त्याला काही आठवडे ते महिने लागतात आणि थराचा रंग बदलू शकतो. नंतर शुद्ध पाण्यात धुऊन, अ‍ॅसिटोनने ओलावा काढून नाणे पूर्ण वाळवतात. संग्रहालयांत त्यापुढे अल्कोहोलमधील ३ टक्के बेन्झोट्रायाझोल हे गंजरोधक रसायन देतात. ते विषारी असल्याने घरच्या टेबलावर त्याच्या वाटेला न गेलेले बरे. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरतो.

किती साफ करायचे, याचे उत्तर नाशिक जिल्ह्यातच सापडलेल्या नाण्यांच्या एका ठेव्यात मिळते. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. ती पश्चिम क्षत्रप राजा नहपानाची, चांदीची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा पुसट दिसतो, आणि क्षत्रपांवरच्या विजयाचा तो धातूतला पुरावा आहे. धातू वेगळा असला तरी धडा तोच: चकाकीसाठी घासली असती, तर आधी तो पुसट चेहरा गेला असता. जिज्ञासूंनी त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय अवश्य पाहावे. थर राखलेले नाणे कसे दिसते, हे तेथे डोळ्यांना कळते.

जमिनीत दडलेला, १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. ती परदेशी पाठवता येत नाहीत.

साठवणीसाठी मऊ पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत. त्यांतून सुटणारे द्रव्य नाण्यावर हिरवा चिकट लेप आणते. पॉलिएस्टरची पाकिटे, घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरेशा होतात. आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत असावी. प्रत्येक पाकिटावर वजन, मिळाल्याची जागा व तारीख लिहावी. जून ते सप्टेंबर डबा दर पंधरवड्याला उघडून भिंगाने कडा तपासाव्यात आणि ओलसर झालेले जेल बदलावे.