रांगेत लावलेले काम : दूरच्या संगणकावर जॉब पाठवण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

पुण्यातील पाषाण येथील आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. त्याच्यावर गणन करणाऱ्या संशोधकाला यंत्राच्या खोलीत जावे लागत नाही. तो आपल्या लॅपटॉपवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडतो, एसएसएच या दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने लॉगिन नोडवर, म्हणजे महासंगणकाच्या प्रवेशद्वारावरच्या संगणकावर, पोहोचतो आणि एक छोटी फाइल लिहितो. किती नोड (महासंगणकातले सुटे संगणक) हवेत, किती तास हवेत, कोणत्या रांगेत उभे राहायचे, हे त्या फाइलीच्या वरच्या ओळींत नमूद केलेले असते. प्रत्यक्ष प्रोग्रॅम चालवण्याच्या आज्ञा त्याखाली येतात. मग तो ‘एसबॅच’ ही आज्ञा देतो आणि यंत्र त्याला एक क्रमांक देते. यानंतर लॅपटॉप मिटला तरी काम रांगेत राहते, पाळी आली की चालते, आणि त्याचे उत्तर एका फाइलीत लिहून ठेवले जाते.

या पद्धतीत नवख्या विद्यार्थ्याला दोन गोष्टी खटकतात. एवढे शक्तिशाली यंत्र समोर असताना थांबायचे का, ही पहिली. आणि यंत्राला द्यायच्या सर्वांत महत्त्वाच्या सूचना हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या, म्हणजे एरवी निव्वळ टिपण म्हणून दुर्लक्षिल्या जाणाऱ्या ओळींत का लिहायच्या, ही दुसरी. दोन्हींची उत्तरे इतिहासात आहेत, आणि तो इतिहास महाजालाहून जुना आहे.

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात मोठ्या संगणकाचा वेळ तासातासांनी वाटून दिला जाई. आपल्या वेळेला प्रोग्रॅमर स्वतः यंत्रापाशी जाई, टेप चढवी, कार्डे लावी, आणि चूक सापडली की तिथेच विचार करत बसे. तेवढा वेळ लाखो डॉलरचे यंत्र रिकामे राही. हा अपव्यय टाळण्यासाठी जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांतील मंडळींनी १९५६ मध्ये आयबीएम ७०४ साठी एक देखरेख करणारा प्रोग्रॅम तयार केला. एक काम संपताच माणसाच्या मध्यस्थीशिवाय पुढचे सुरू करणे, हे त्याचे मुख्य कार्य होते. येथे प्रोग्रॅमर यंत्रापासून दूर झाला. काम देण्याची वेळ आणि काम होण्याची वेळ वेगळ्या झाल्या, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातील खरा निर्णायक बदल हाच आहे. अंतर कापणारी तार नंतर आली.

माणूसच शेजारी नसेल, तर त्याचे म्हणणे यंत्राला कळावे कसे? ते कामासोबतच लिहून पाठवावे लागले. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेची घोषणा १९६४ मध्ये झाली, आणि तिच्या कार्यप्रणालीसोबत ‘जॉब कंट्रोल लँग्वेज’ आली. पंच कार्डांच्या गठ्ठ्यात वरचे कार्ड जॉबचे असे: कामाचे नाव, कोणाच्या खात्यावर खर्च टाकायचा, किती वेळ आणि किती मेमरी लागेल, हे त्यावर येई. पुढच्या कार्डांवर कोणता प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याला कोणत्या फाइली लागतील, हे सांगितले जाई. ही सूचना-कार्डे माहितीच्या कार्डांपासून ओळखू यावीत म्हणून त्यांच्या आरंभी दोन तिरप्या रेघा असत. आजच्या स्क्रिप्टच्या, म्हणजे सुरुवातीला पाहिलेल्या त्या छोट्या फाइलीच्या, वरच्या ओळी याच कार्डांचे वंशज आहेत. त्यांत विचारले जाणारे प्रश्नही फारसे बदललेले नाहीत.

त्याच वर्षी मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि संस्थेबाहेरच्या संशोधकांची कामेही त्याच्यावर होऊ लागली. कामांचे गठ्ठे लावायचे आणि छापील उत्तराची वाट पाहायची, ही शिस्त आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या गणकांनी अशा यंत्रांवर अंगी बाणवली.

गठ्ठा खिडकीवर नेऊन देण्याऐवजी टेलिफोनच्या तारेवरून पाठवता आला तर, हा पुढचा विचार होता. अमेरिकेत ह्यूस्टनच्या नासा केंद्रात आयबीएमच्या अभियंत्यांनी ‘हास्प’ ही प्रणाली विकसित केली. ती येणारी कामे चकतीवर (डिस्कवर) साठवून रांगेने पुढे देई, आणि दूरच्या ठिकाणी ठेवलेल्या कार्ड-वाचकाकडून कामे घेऊन तिथल्याच छपाईयंत्रावर उत्तरे पाठवी. या सोयीला ‘रिमोट जॉब एंट्री’ असे नाव रूढ झाले. पुढे अर्पानेट हे महाजालाचे पूर्वज जाळे उभे राहिल्यावर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील ३६०/९१ या यंत्रावर त्या जाळ्यातून कामे पाठवता यावीत म्हणून रॉबर्ट ब्रेडन आणि त्यांच्या सहकाऱ्याने जानेवारी १९७१ मध्ये ‘नेटआरजेएस’ हा शिष्टाचार (प्रोटोकॉल) मांडला. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज ‘क्लाउडवर काम पाठवणे’ नवे वाटते. पण दुसऱ्याच्या यंत्रावर जाळ्यातून काम पाठवणे ही त्या जाळ्याच्या अगदी सुरुवातीच्या उपयोगांपैकी एक आहे.

दरम्यान दुसरा प्रवाह वाहू लागला होता. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्ये काल-विभाजनाची, म्हणजे यंत्राचा वेळ अनेकांत आळीपाळीने वाटून देणारी, प्रणाली चालवून दाखवली, आणि माणूस पुन्हा यंत्राशी थेट बोलू लागला. तिथेच लुई पूझाँ यांनी आज्ञांची मालिका एका फाइलीत लिहून ती सलग चालवण्याची सोय केली. माणसाच्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठीचा ‘शेल’ हा शब्दही त्यांचाच. युनिक्स या कार्यप्रणालीने हा वारसा पुढे नेला. छोट्या यंत्रांवर रांग जवळजवळ विस्मरणात गेली, मोठ्यांवर मात्र जाऊ शकली नाही, कारण तिथे मागणी नेहमीच क्षमतेपेक्षा जास्त होती.

हे दोन प्रवाह १९८० च्या दशकात नासाच्या एम्स केंद्रात एकत्र आले. तेथील क्रे-२ हा महासंगणक युनिक्सवर चाले, पण युनिक्सला रांग म्हणजे काय ते फारसे माहीत नव्हते. त्यासाठी ‘नेटवर्क क्यूइंग सिस्टिम’ लिहिली गेली. तिच्यात काम म्हणजे एक साधी शेल स्क्रिप्ट आणि ते रांगेत लावणारी आज्ञा म्हणजे ‘क्यूसब’. वेळ, मेमरी वगैरे मागण्या कुठे लिहायच्या, याचे उत्तर मला फार सुंदर वाटते: हॅशने सुरू होणाऱ्या ओळींत. शेल त्या ओळी टिपण समजून सोडून देते, रांगेची व्यवस्था पाहणारा प्रोग्रॅम मात्र त्या वाचतो. त्यामुळे एकच फाइल रांगेतही चालते आणि रांगेशिवायही. जुन्या कार्डांची माहिती शेलच्या नियमाला धक्का न लावता नव्या घरात राहायला आली.

एम्समध्येच १९९१ पासून तिची उत्तराधिकारी ‘पीबीएस’ घडू लागली. ‘क्यूसब’, ‘क्यूस्टॅट’, ‘क्यूडेल’ या काम रांगेत लावणे, त्याची स्थिती पाहणे आणि ते काढून टाकणे यांसाठीच्या आज्ञा १९९४ मध्ये पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकातही गेल्या. तोपर्यंत विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने ‘काँडॉर’ ही प्रणाली उभी केली होती. रिकाम्या पडलेल्या टेबलावरच्या संगणकांना कामे वाटून देणे, हा तिचा वेगळा आणि उदार विचार होता.

याच काळात वेळेच्या अंदाजाला नवे महत्त्व आले. रांगेच्या अग्रभागी शंभर नोड मागणारे काम असेल आणि ऐंशीच मोकळे असतील, तर उरलेले वीस मोकळे होईपर्यंत ते ऐंशी रिकामे बसत. आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत डेव्हिड लिफ्का यांनी १९९५ च्या सुमारास ‘ईझी’ या नियोजकातून, म्हणजे कामांची पाळी ठरवणाऱ्या प्रोग्रॅममधून, उपाय दिला: पुढच्या मोठ्या कामाची वेळ राखून ठेवायची, आणि त्याला उशीर होणार नसेल तर मागची छोटी कामे मध्येच चालवून घ्यायची. याला ‘बॅकफिल’ म्हणतात. हे साधण्यासाठी प्रत्येकाने आपले काम किती वेळात संपेल ते आधी सांगावे लागते. कमी सांगितले तर काम मध्येच तोडले जाते, फार सांगितले तर भेगांत बसण्याची संधी हुकते. नवख्याला जाचक वाटणारी ती एक ओळ खरे तर रांगेतल्या इतरांशी केलेला करार आहे, आणि ती विचारपूर्वक भरायला शिकवणे मला प्रोग्रॅम लिहायला शिकवण्याइतकेच आवश्यक वाटते.

दूरच्या यंत्रापर्यंतच्या वाटेची सुरक्षितता हा प्रश्न वेगळाच होता. १९८३ च्या बीएसडी युनिक्समधील ‘आरलॉगिन’ आणि ‘आरएसएच’ या दूरच्या यंत्रावर शिरण्याच्या आज्ञा समोरच्या यंत्राच्या नावावर विश्वास ठेवत, आणि पासवर्ड जाळ्यातून उघडे जात. हेलसिंकीच्या तंत्रविज्ञान विद्यापीठात असे पासवर्ड चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले. तेव्हापासून दूरच्या यंत्राचे दार तेच आहे.

भारतात १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. पुढे सी-डॅकच्याच ‘गरुड’ प्रकल्पाने प्रायोगिक टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्था जोडल्या, म्हणजे काम एका यंत्राला नव्हे तर यंत्रांच्या समूहाला देण्याची कल्पना येथेही आजमावली गेली. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातील ‘परम’ यंत्रांवर आता ‘स्लर्म’ ही रांग सांभाळणारी प्रणाली वापरली जाते. ती २००२ च्या सुमारास लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लिनक्सच्या क्लस्टरांसाठी (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहांसाठी) सुरू झाली. सुरुवातीला पाहिलेली ‘एसबॅच’ ही आज्ञा हिचीच.

अलीकडे ओहायोच्या महासंगणन केंद्राच्या ‘ओपन ऑनडिमांड’सारख्या सोयींमुळे आज्ञा न टंकता ब्राउझरमधला अर्ज भरूनही काम पाठवता येते. त्या अर्जात तास, नोड, मेमरी आणि खाते हेच रकाने असतात, आणि बटण दाबल्यावर आत त्यांतूनच नियोजकाला द्यायचे काम तयार होऊन रांगेत जाते.