समवाय पद्धती

समवाय पद्धती : हातच्या उद्योगातून, आणि तो करताना मुलाला पडणाऱ्या प्रश्नांतून, भाषा, गणित, विज्ञान शिकवण्याची अध्यापनपद्धती. वर्धा परिसरात ती गांधीजींच्या नई तालीम (मूलोद्योग किंवा बुनियादी शिक्षण) योजनेबरोबर रुजली. मुलाने आपणहून शिकते व्हावे, हा तिचा हेतू.

‘समवाय’ ही न्याय-वैशेषिक दर्शनांतील संज्ञा. वेगळ्या होऊ शकणाऱ्या दोन वस्तूंचा संबंध तो संयोग. माती-घट, तंतू-पट यांसारखा न तुटणारा संबंध तो समवाय. सूतकताईच्या शाळेला तंतू-पटाचे उदाहरण आयतेच मिळाले. शिक्षणात हा शब्द रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः विनोबा भावे यांना दिले जाते. पुढे अध्यापक विद्यालयांत तो विषया-विषयांची सांगड एवढ्याच अर्थाने वापरला जाऊ लागला. काटेकोर बोलायचे तर तो संयोगच होय.

पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही जण तिचे मूळ जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवरील (१९१०) गांधीजींच्या प्रयोगांत पाहतात. योजनेचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन यांचे शिक्षण बर्लिनमध्ये झाले असल्याने इतर काही जण जर्मन शिक्षणतज्ज्ञ केर्शेनश्टायनरच्या ‘कार्य-शाळे’चा (कामातून शिकवणाऱ्या शाळेच्या कल्पनेचा) प्रभाव मानतात. योजनेच्या मांडणीवर हा प्रभाव संभवतो. पण समवायाचा तपशील प्रत्यक्ष कातणाऱ्यांकडून आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. २२-२३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. त्यात साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला (कताईसारख्या मुख्य हस्तोद्योगाला) होती. मातृभाषेला ४० मिनिटे. योजना राबवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम १९३८ पासून आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सेगावात (१९४० पासून सेवाग्राम) चालवले.

पऱ्हाटी (कापसाचे पीक) घरोघरी, त्यामुळे बोंड, सरकी, वेचणी हे शब्द मुलांना शिकवावे लागत नसत. मोजमाप मात्र नवे होते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची गुंडी. तीन लट्या कातल्या की ४८० तार, म्हणजे १,९२० फूट. गुणाकार आपसूक येई. सूत तुटले की शिक्षकाने लगेच कारण सांगायचे नाही. पेळूचा (कातायच्या वळीचा) कापूस नीट पिंजला नव्हता, की पीळ कमी पडला, हे मुलाने टकळी (हाताने फिरवायची चाती) फिरवून पाहायचे. पद्धतीची खरी कसोटी इथे लागते, आणि बहुतेक शिक्षक इथेच घाई करतात.

‘स्वावलंबन’ या शब्दाने गोंधळ वाढवला. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा, हा त्याचा आर्थिक अर्थ. परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि पुढची बरीचशी चर्चा त्याच अंगाने झाली. विनोबांनी स्वावलंबन तिहेरी मानले : उपजीविकेचे, ज्ञान स्वतः मिळवण्याचे, आणि स्वतःवर ताबा ठेवण्याचे. त्यातले दुसरे या पद्धतीचे मर्म आहे. स्वतः शब्दकोश उघडणारे मूल शाळेचा खर्च भागवत नाही, पण शिक्षकाला मोकळे करते.

स्वातंत्र्योत्तर काळात बुनियादी शाळा सरकारी अभ्यासक्रमात विरत गेल्या. टकळी अनेक ठिकाणी तासापुरती उरली. सेवाग्रामात २००५ साली ‘आनंद निकेतन’ शाळेच्या रूपाने नई तालीम पुन्हा सुरू झाली. तिथे कताईबरोबर शेती आणि स्वयंपाकही शिक्षणाचे माध्यम आहेत. इतरत्र जिल्हा परिषदेच्या काही शाळांत ज्ञानरचनावादाच्या (मूल अनुभवातून स्वतःच ज्ञान रचते, या विचाराच्या) नावाने फरशीवर तक्ते आखलेले, मणी-काड्या मांडलेल्या दिसतात. त्यांचे समवायाशी नाते वरवरचे आहे : मणी मोजून झाले की डब्यात जातात, सुताचे मात्र कापड होते.