सहभाग मापनश्रेणी

अपंगत्व, कुष्ठरोग किंवा तशाच कारणाने कलंक वाट्याला आलेल्या माणसाला घरात, कामावर आणि गावात कितपत सामील होता येते, हे मुलाखतीतून मोजणारी १८ प्रश्नांची श्रेणी. भारत, नेपाळ आणि ब्राझीलमधील कामातून ती घडली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

आपल्याकडे अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्केवारी असते. २०१६ च्या कायद्यातील आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात. बधिर झालेल्या हाताचे किती नुकसान झाले, ते या आकड्यावरून कळते. त्या हाताने दिलेले पाणी शेजारी पितात का, ते त्यावरून कळत नाही. ही श्रेणी तेच विचारते.

प्रत्येक प्रश्न तुलनेचा असतो: वय, लिंग आणि परिस्थिती सारखी असलेल्यांइतके तुम्हाला काम मिळते का, सणासमारंभात भाग घेता का, घरातल्या चर्चेत तुमच्या शब्दाला वजन आहे का? शेतमजूर बाईची तुलना शेतमजूर बाईशीच होते, त्यामुळे गरिबीचा अडसर अपंगत्वाच्या खात्यावर पडत नाही. ‘हो’ म्हटले तर शून्य. ‘नाही’ किंवा ‘कधीकधी’ म्हटले, तर त्याचा त्रास किती होतो हे विचारून १, २, ३ किंवा ५ गुण देतात. बेरीज १२ च्या वर गेली की सहभागावर मर्यादा आहे असे धरतात.

सर्वांत बोलका प्रश्न भांड्यांचा आहे: तुमची जेवणाची भांडी घरच्यांच्या भांड्यांतच ठेवतात का? सगळी ताटे मांडणीवर आणि एकच मोरीपाशी पालथे, एवढ्यावरून घरातले पुष्कळ समजते.

गुणांकनात एक उणीव मात्र राहते. वर्षानुवर्षे वेगळे जेवून ज्याने मन मारले आहे, तो ‘त्रास काही नाही’ म्हणतो आणि त्याला एकच गुण मिळतो. सोसण्याची सवय अशी आकड्यात सुधारणा म्हणून दिसू शकते. म्हणून जोडीला कलंकाचे थेट प्रश्न विचारणे बरे. मुंबईतील कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातून संशोधक मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘एमिक’ (आजाराकडे रुग्ण स्वतः कसा पाहतो हे जाणून घेणाऱ्या) मुलाखतीच्या कलंक-प्रश्नांत आजार लपवावासा वाटतो का, घरातल्या कुणाचे लग्न जमायला अडचण येईल का, असे विचारले जाते.

मुलाखत त्या माणसाला एकटे गाठूनच घ्यावी लागते. सासूबाई शेजारी बसल्या असल्या की सून म्हणते, “सगळ्यांच्यातच असतं की माझं ताट,” आणि कागदावर शून्य पडते.