इंग्रजीतला मुका ‘के’ आणि आपली राणी

‘के सायलेंट असतो’ एवढं सांगून शाळेतल्या बाई पुढच्या शब्दाकडे वळतात. नी म्हणजे गुडघा, नो म्हणजे जाणणं, नाइफ म्हणजे सुरी, नॉट म्हणजे गाठ, नीड म्हणजे कणीक मळणं, नॉक म्हणजे दार ठोठावणं. सगळ्यांच्या स्पेलिंगात आधी के, मग एन, आणि के सगळीकडे गप्प. यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली, इंग्रजीला शेंडाबुडखा नाही. दुसरी व्हॉट्सॲपवर फिरते: ‘नो’ हा ‘ज्ञा’ धातूवरून आणि ‘नी’ हा ‘जानु’वरून आला, सबब इंग्रजी संस्कृतातून निघाली. पहिलीत तथ्य नाही. दुसरीत अर्धं आहे, म्हणून ती जास्त घातक.

हा के उगाच लिहिलेला नाही, तो एके काळी म्हटला जायचा. जुन्या इंग्रजीत गुडघ्याला साधारण ‘क्नेओव’ म्हणत आणि जाणण्याला ‘क्नावान’. चिलखतवाला नाइट तेव्हा ‘क्निख्त’ होता, आणि त्याचा अर्थ होता पोरगा, गडी. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला तेव्हा के चांगला ठणठणीत होता. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. उच्चार मात्र चालत राहिला, आणि सतराव्या शतकापासून अठराव्याच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक इंग्लंडच्या तोंडून के गळून पडला. स्कॉटलंडच्या काही कोपऱ्यांत तो नंतरही बराच काळ तग धरून होता.

का गळला? त्यासाठी तोंडात डोकवावं लागेल. ‘क’ म्हणताना जिभेची मागची बाजू उचलून मृदू टाळूला, म्हणजे टाळूच्या मागच्या मऊ भागाला, टेकते आणि हवा मागे कोंडते. त्याच वेळी मृदू टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद ठेवतो, नाहीतर हवा नाकातून निसटेल आणि दाब तयारच होणार नाही. मग जीभ सुटते, हवा बाहेर फुटते. ‘क’ आपल्याला कळतो तो मुख्यतः या फुटण्यातून आणि त्याला लागून येणाऱ्या स्वरातून. ‘न’चं सगळं उलट. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं, तोंडाची वाट पुढून बंद होते, मृदू टाळू खाली येतो, हवा नाकातून जाते आणि स्वरतंत्री कंप पावतात.

म्हणजे ‘क्न’ म्हणायचं तर निमिषभरात जीभ मागून सोडायची, पुढे टेकवायची, टाळू पाडायचा आणि घसा सुरू करायचा. चार कामांची वेळ जुळवायची. गडबडीच्या बोलण्यात जिभेचं टोक ‘क’ सुटायच्या आधीच दातांमागे पोचलेलं असतं. मग ‘क’ फुटतो तेव्हा समोरचं दार बंद! आवाज तोंडातल्या तोंडात विरतो, थोडी हवा नाकातून फुसकन जाते. बोलणाऱ्याने ‘क’ म्हटलेला असतो, ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत तो धड येत नाही. आणि मूल भाषा शिकतं ती कानाने.

‘क्नी, क्नी, क्नी’ असं भरभर म्हणून बघा. थोड्या वेळाने त्याचं ‘किनी’ होईल, नाहीतर ‘त्नी’ होईल, नाहीतर नुसतं ‘नी’ उरेल. जगातल्या भाषांनी या गाठीवर साधारण हेच तीन उपाय काढले आहेत. फ्रेंचांनी नाइफचा जर्मानिक (इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या, त्या कुळातला) पूर्वज उसना घेतला आणि मध्ये स्वर घालून ‘कानिफ’ केला, आपण रत्नाचं रतन करतो तसा. जाता जाता इंग्रजीच्या काही बोलींत ‘त्न’ही होऊन गेला. लंडनने तिसरा उपाय निवडला.

आता मराठीकडे बघा. ‘ज्ञ’ हे अक्षर ज् आणि ञ यांचं. तोंडाने आधी अडवायचं, लगेच नाकाने सोडायचं, असाच पेच. आपण तो ‘द्न्य’ म्हणून सोडवतो, म्हणजे जिभेची टेक टाळूवरून दातांकडे सरकवतो: ‘क्न’चा ‘त्न’ व्हावा तशीच चाल. हिंदीवाले ‘ग्य’ म्हणतात, गुजरातीत ‘ग्न’ ऐकू येतो. कुणाचा शुद्ध, यावरून भांडण्यात अर्थ नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने तोडगा काढला आहे. आणि के गिळल्याबद्दल इंग्रजांना हसण्याआधी हेही बघा की, पालीने ‘ज्ञान’चं ‘ञाण’ केलं, प्राकृताने ‘णाण’. अडवणारा ज् गेला, नाकातला ध्वनी राहिला. ‘राज्ञी’ची राणी तशीच झाली. ‘आज्ञा’ची आण, जी आपण घालतो आणि घेतो. ‘विज्ञप्ती’ची विनंती. ‘यज्ञोपवीता’चं जानवं. लंडनच्या कितीतरी शतकं आधी आपल्या पूर्वजांनी हा उद्योग उरकला होता. फरक एवढाच की, आपण स्पेलिंगही बदललं.

शब्दाच्या मध्ये मात्र के जगतो. ‘नॉलेज’मध्ये तो मुका, ‘ॲक्नॉलेज’मध्ये खणखणीत. आधीचा स्वर त्याला आधार देतो: जीभ अडतानाचा बदल त्या स्वरात ऐकू येतो, शिवाय उच्चाराचे तुकडे पाडले (ॲक्-नॉ-लेज) की के आधीच्या तुकड्यात जाऊन बसतो आणि न पुढच्यात. लॅटिनमध्येही हेच घडलं होतं. ‘नोबल’च्या मूळ शब्दाच्या तोंडचा ग गळाला, पण ‘इग्नोबल’मध्ये तो शाबूत आहे.

राहिला तो फॉरवर्ड. नातं खरं आहे. गुडघा ग्रीकमध्ये गोनु, लॅटिनमध्ये गेनु, संस्कृतात जानु, फारसीत झानू. पण नीट बघा, ग्रीक-लॅटिनमध्ये ग आहे आणि संस्कृतात ज. ग चा ज होणं जिभेला सोपं, जगभर दिसणारं. उलटा प्रवास विरळा. मूळ ध्वनी ग च्या जवळचा होता आणि संस्कृतानेच तो बदलला, असंच पुरावा सांगतो. जर्मानिक शाखेने त्याच ग चा क केला, तोही एकदोन शब्दांत नाही, सरसकट. म्हणून ‘गो’ला इंग्रजीत काउ, ‘युगा’ला (आपल्या बैलांच्या मानेवरचं जू) योक, ‘जन’च्या नात्यातला किन. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि परीकथा गोळा करणाऱ्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हे नियम मांडले. एकाच मूळ भाषेच्या या शाखा आहेत. संस्कृत इंग्रजीची थोरली चुलत बहीण आहे, आई नव्हे. डायग्नोसिस आणि अग्नॉस्टिकही त्याच ‘जाणणे’ कुळातले, पण ते ग्रीकातून मागाहून आले, म्हणून त्यांच्या ग चा क झाला नाही. असली सुसंगती नुसत्या ध्वनिसाम्यावर कोट्या करून सापडत नसते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘क्न’ अवघड असला तरी अशक्य नाही. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतो आणि त्याचं काही अडत नाही. त्याच्याकडे ‘क्नेख्त’ म्हणजे अजून गडीच, ‘क्नाबं’ म्हणजे मुलगा. इंग्रजीत पहिल्याचा भाऊ सरदार झाला, दुसऱ्याचा भाऊ ‘नेव्ह’ लबाड ठरला आणि पत्त्यांतला गुलाम होऊन बसला. तेव्हा ध्वनी कधी गळेल हे तोंडाची रचना एकटी ठरवत नाही. ती फक्त उतार कुठे आहे ते दाखवते. त्या उतारावरून इंग्रज घसरले आणि जर्मन का घसरले नाहीत, याला भाषाशास्त्रात पक्कं उत्तर नाही. आणि माणसाला वाटलं तर तो उलटाही चढतो: आफ्रिकेतल्या त्या दाढीवाल्या हरणाला इंग्रज ‘नू’ म्हणतात, पण रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या, तेच स्पेलिंग असलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचं नाव ‘ग्नू’ असंच म्हणायचं, जी गाळायचा नाही, अशी सूचनाच आहे.