दुकानातील कामगारांचे आरोग्य व सुरक्षा (मराठवाडा)

विक्री, साठवण आणि मालाची चढउतार करताना दुकानातील माणसांना होणारी इजा व आजार, आणि ते टाळण्याची व्यवस्था असा या विषयाचा आवाका आहे. दुकानातला धोका बहुधा मालातच असतो, त्यामुळे तो बाजारपेठेगणिक बदलतो. मराठवाड्यात मॉल मोजकेच आहेत. इथला व्यापार मोंढा (धान्याचा घाऊक बाजार), कापड दुकाने, किराणा आणि कृषी सेवा केंद्रांवर चालतो. गल्ल्यावर शेठ आणि काउंटरला दोन-तीन पोरं, असा बहुतेक दुकानांचा आकार.

कायद्याची अडचण नेमकी या आकाराशी आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 ने 1948 चा जुना कायदा बाजूला सारला. त्यात स्वच्छता, हवा, उजेड, प्रथमोपचार, साप्ताहिक सुटी यांची तरतूद आहे. पण दहापेक्षा कमी कामगार असतील तर दुकानदाराने व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना दिली की भागे. 2025 च्या दुरुस्तीने ही मर्यादा वीसवर नेली. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात वीस कामगारांचे दुकान हुडकावेच लागेल.

कृषी सेवा केंद्र हे या विषयातले सर्वांत जोखमीचे आणि सर्वांत कमी चर्चा झालेले ठिकाण. मृग निघाला की बियाणे, खत आणि औषधांच्या गाड्या एकदमच येतात. बोलीभाषेत कीटकनाशक म्हणजे ‘औषध’, आणि दुकानातही ते तसेच हाताळले जाते. खोके उतरवताना एखादी बाटली फुटते, पोरगा ती पोत्याच्या फडक्याने पुसतो, हात शर्टाला पुसतो आणि दुपारी त्याच काउंटरवर डबा उघडतो. सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशके तोंडावाटेच नव्हे, तर कातडीतूनही शरीरात जातात. घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या आकसणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. ‘उन्हाने चक्कर आली’ म्हणून ती अंगावर काढली जाण्याची भीती असते. या विषावर ॲट्रोपीन हा उतारा चालतो; दवाखान्यात जाताना बाटलीचे लेबल सोबत न्यावे. सांडलेले औषध पाण्याने धुऊन गटारात सोडू नये. त्यावर कोरडी माती किंवा वाळू टाकून, हातमोजे घालून ते उचलावे. लेबलवरचा त्रिकोण तीव्रता सांगतो: लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा. कीटकनाशक नियम, 1971 नुसार हा माल वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात हवा. प्रत्यक्षात एकाच खोलीत बियाणे, औषध आणि मागच्या बाजूला झोपायची चटई, असेही दिसते.

मोंढ्यात धान्याला कीड लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हा आणखी एक विषय. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. गोळ्या टाकलेल्या बंद गोदामात किंवा त्याला लागून असलेल्या खोलीत कोणी झोपता कामा नये. हमालांच्या पाठीचे दुखणे मात्र सर्वांना ठाऊक आहे: एकेकाळी क्विंटलचे पोते पाठीवर जाई, आता पन्नास किलोची मर्यादा मानली जाते. हमालांसाठीचा माथाडी कायदा 1969 चा आहे.

आगीबाबत मराठवाड्याला मोठा धडा मिळाला तो 29 ऑक्टोबर 2016 रोजी, ऐन दिवाळीत. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार पेटला आणि दुकानांच्या रांगाच्या रांगा जळाल्या. स्फोटक नियम, 2008 मध्ये तात्पुरत्या फटाका दुकानांसाठी ज्वलनशील नसलेल्या साहित्याची शेड, दोन दुकानांत किमान तीन मीटर अंतर, समोरासमोर तोंडे नकोत आणि एका ठिकाणी पन्नासहून जास्त दुकाने नकोत, असे स्पष्ट म्हटले आहे. एरवी कापड दुकानात आगीचे कारण साधेच असते: एका बोर्डावर चार पंखे, इन्व्हर्टर आणि वरच्या माळ्यावर साड्यांचे गठ्ठे. माळ्यावर चढायचा जिना एकच आणि त्याच्या पायऱ्यांवरही माल. 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यायचे असते.

एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेडकडे पारा 42 अंशांपुढे जातो तेव्हा पत्र्याखालचे दुकान दुपारी भट्टी होते. बारा ते चार या वेळात गाडी रिकामी करायला न लावणे, हा यावरचा बिनखर्चाचा उपाय.

कापड दुकानात दिवसभर उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, हे केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये आपापल्या कायद्यात आणले. केंद्राच्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ते आहे. आपल्याकडे स्टूल असते, पण बहुधा गिऱ्हाइकासाठी. या दुकानांत मुलींची संख्या वाढली आहे आणि त्यांची पहिली तक्रार स्वच्छतागृहाची असते. शेजारच्या हॉटेलात जावे लागू नये म्हणून त्या पाणीच कमी पितात. त्यातून मूत्रमार्गाचे विकार होतात. लैंगिक छळाची तक्रार करायची तर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानासाठी 2013 च्या कायद्यानुसार जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती आहे.